गुलाबी फुलातलं पांढरं

"रंग राहू द्या, आधी आईबाप सांगा." कुठलंही फूल दाखवलं की ती हेच म्हणायची. कॉलेजच्या समारंभात पाहुण्यांनी गुलाब दिला, तेव्हाही तिनं माईकसमोर तेच विचारलं. पाहुणे गोंधळले. मुलं बाकं वाजवत राहिली.

ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होते. राहायलाही आम्ही रामदासपेठेत एकाच इमारतीत. गच्चीवर तिच्या गुलबक्षीच्या कुंड्या होत्या. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की झाडं गुलाबी फुलांची येतात. पण त्या गुलाबीत पांढरं दडून असतं. त्या गुलाबी झाडांच्या बियांतून चारातलं एखादं झाड पुन्हा पांढरं निघतं. हे सांगताना ती कळी चिमटीत धरायची, लहान मुलाची हनुवटी धरावी तशी.

विषय घरी घेऊन जाणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. हिच्या घरी तो आधीच येऊन बसला होता. ती आणि तिचा नवरा दोघंही धडधाकट, पण दोघांच्याही रक्तात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अर्धा वाटा. लग्नाआधी घर पाहिलं, नोकरी पाहिली. रक्त कोणी पाहिलं नाही, तिनंही नाही. मुलीत ते दोन्ही वाटे एकत्र आले. थंडी पडली की मुलीची हाडं ठणकायची आणि दवाखाना गाठावा लागायचा. त्यामुळे मुलीला सोडून ती कधी गावाला गेली नाही. दुसऱ्या शहरातून चांगल्या जागेचं बोलावणं आलं, तेही तिनं नाकारलं.

मुलगी एकदा चिडून म्हणाली, "तुह्या पुस्तकातलं माह्याच अंगात काहून आलं?"

ती तिची वेणी घालत राहिली.

सासूला दुसरं मूल हवं होतं. "चारातलं एक बिमार, असं तूच म्हनतं ना वं? ते एक तं झालं. आता बाकीचे चांगलेच निघतीन."

"तसं नसते, आई. दर खेपेले नव्यानंच ठरते."

"मोठी आली शिकवनारी!"

मग तिनं गुलाबी गुलबक्षीचं बी सासूच्याच हातानं चार कुंड्यांत लावलं. म्हातारी रोज पाणी घालायला वर जायची, जणू पैज लागली होती. पहिल्या कुंडीत पांढरं फूल आलं. "झालं! आता नाही येत," म्हातारी खूश. दुसऱ्या कुंडीतही पांढरंच उमललं. जिना उतरताना म्हातारी म्हणाली, "झाडाचं झाडापाशी. मानसाचं येगळं."

नवरा हिंगण्याच्या कंपनीच्या बसमधून थकून यायचा. "आईले कोन समजावन?" एवढंच त्याचं मत.

पोटात असताना तपासता येतं, हे मीच तिला सुचवलं. ती हसली, पण डोळे हसले नाहीत.

"अन् त्यालेही असलं तं? मी ते ठेवलं नाही, तं ही विचारन ना, आई, मंग मले काहून ठेवलं?"

दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. त्या घरात तिच्याशी बोलणं हळूहळू पाणी, भाजी, औषध एवढ्यावर आलं. ती मात्र वर्गात तोच धडा दरवर्षी शिकवत राहिली.

मागच्या मे महिन्यात परीक्षेच्या कामावरून येताना तिला ऊन लागलं आणि ती गेली.

दिवाळीनंतर मी मुलीसाठी पुस्तकं घेऊन गेले. बैठकीत कामठीचे पाहुणे बसले होते, तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नासाठी. म्हातारी त्यांना समजावत होती, "पयले पोरीचं रक्त तपासून आना. आमच्या पोराच्या रक्तात अर्धं आहे. तिच्याही असलं तं दर लेकराले धोका. एकाले झालं म्हनून दुसऱ्याले होत नाही, असं नसते गा."

पाहुणे माना डोलावत होते. मुलगी पाण्याचे पेले घेऊन दारात थांबली होती. आजीचं सगळं सांगून होईपर्यंत ती आत आली नाही.