नजीर मागितली, मी नाझर आणले

"पाणी तोडणार कशानं? कोयत्यानं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

मी टेबलासमोर उभी होते. माझा मसुदा त्यांच्या हातात होता. कोर्ट सुरू व्हायला दीड तास होता आणि बाहेर बाकावर आमच्या पक्षकार गयाबाई बसल्या होत्या.

"वाच," त्यांनी कागद पुढे केला.

मी वाचलं, "सदर पाणी वेळेत तोडून कारखान्यास न नेल्यास ते जागेवर वाळून अर्जदारांचे नुकसान होईल."

चूक कशी झाली ते सांगते. वकिलाच्या ऑफिसात नवा अर्ज कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. तसाच जुना अर्ज काढायचा, नावं बदलायची, मजकूर बदलायचा. मला सापडलेला जुना अर्ज उसाचा होता. वादातल्या शेतातला ऊस तोडू द्या, असा. मी 'ऊस' काढून 'पाणी' घातलं. बाकी वाक्यं मोठ्या माणसांनी लिहिलेली होती. त्यांना हात लावायचा मला धीर झाला नाही.

मी भोकरकडची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. बी.ए. नांदेडला केलं आणि कायदा शिकायला लातूरला मावशीकडे आले. कॉलेज संध्याकाळचं. दिवसा काटकर वकिलांकडे मसुदे लिहायचे. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झाला होता. कोर्टाच्या आवारात सगळं नवीन होतं, फक्त पाऊस दोन वर्षं झाला नव्हता.

गयाबाईंची वस्ती औशाच्या बाजूला. एकोणीस घरं. जवळच्या शेतात एक विहीर, आणि आसपास पाणी राहिलेली तेवढीच. पण शेतावरून दोन भावांचा वाटणीचा दावा चालू होता. दोघांनी एकमेकांवर पाणी जास्त उपसल्याचा आरोप केला, म्हणून कोर्टानं विहिरीवर 'जैसे थे' हुकूम दिला होता. म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत आहे ते तसंच राहील, कोणी पाणी काढायचं नाही. भोवती तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, चावी कोर्टात. वस्तीला टँकर चौथ्या दिवशी यायचा, तोही आला तर.

मागच्या तारखेला वकीलसाहेबांनी वस्तीसाठी त्या विहिरीचं पिण्यापुरतं पाणी तोंडी मागितलं, तेव्हा न्यायाधीशांनी एवढंच विचारलं होतं, "दाव्यात नसलेल्या लोकांना अशी परवानगी पूर्वी कुणी दिली आहे का?" आणि लेखी अर्जासाठी पुढची तारीख दिली होती. ती आज होती. गयाबाई म्हणाल्या होत्या, "आज काय ते सांगा बाई. चार घरांनी बोचकी बांधून ठेवलीत. आज न्हाई म्हणले तर समदे लातूरला येऊन राहतेत, तुमच्या आवारात."

मसुदा मी पुन्हा लिहिला. या वेळी जुना अर्ज समोर ठेवला नाही. वाक्यं लहान आली. पिण्यासाठी पाणी हवे आहे. मोटार लावणार नाही. पोहऱ्याने काढू.

वकीलसाहेबांनी वाचून सही केली. निघताना म्हणाले, "मी पुढं होतो. तू नजीर घेऊन अकराला हजर राहा."

आता इथं एक सांगायला हवं. साहेब निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. पूर्वीच्या निकालाचा दाखला, ज्याला आम्ही कॉलेजात प्रीसिडेंट म्हणतो, त्याला ते नजीर म्हणतात. मला तो शब्द माहीत नव्हता. मला माहीत होते ते नाझर. कोर्टातल्या वस्तू, चाव्या, समन्स, हुकूम बजावणारे बेलिफ हे सगळं ज्यांच्या ताब्यात असतं ते अधिकारी. आमच्या कोर्टातले शिपाई त्यांना नाझीर म्हणायचे. चावी नाझरांकडेच होती, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. विचारून घ्यावं एवढीही शंका आली नाही.

नाझर मुळेसाहेब चहा पीत होते.

"साहेब, तुम्हाला कोर्टात घेऊन यायला सांगितलंय."

"मला? कोणी?"

"काटकर वकीलसाहेबांनी."

"वकील नाझराला कधीपासून बोलवायलेत?" ते पुटपुटले. पण चावीचा विषय आहे म्हटल्यावर उठले.

आम्ही आत गेलो तेव्हा पुकारा झाला होता. वकीलसाहेब उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हात मागे केला. पुस्तकासाठी. हातात काही येईना म्हणून वळले.

"नजीर?"

"आणलेत साहेब," मी म्हणाले आणि बाजूला झाले.

मुळेसाहेबांनी न्यायाधीशांना नमस्कार केला. वकीलसाहेबांचा हात तसाच राहिला. त्यांनी एकदा नाझरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना काय झालंय ते कळलं. मला अजून कळलेलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "बेटा, पुस्तक. टेबलावर खुणेची चिठ्ठी घालून ठेवलेलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "नाझर कशासाठी आलेत?"

मीच बोलले. "साहेब, माझी ऐकण्यात चूक झाली. त्यांनी दाखला आणायला सांगितला होता."

समोरचे वकील रुमाल तोंडाला लावून हसले. ते धाकट्या भावाचे. थोरल्या भावाची हरकत नव्हती, धाकट्याची होती. न्यायाधीशही हसले असावेत, पण त्यांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "आलाच आहात तर सांगा नाझर. कोर्टाच्या ताब्यातल्या विहिरीचं पाणी कधी कुणाला दिलंय?"

मी मान खाली घातली होती. म्हणून मुळेसाहेबांचं उत्तर आधी कानावर आलं आणि मग समजलं.

"हाव साहेब. दिलंय की."

"कधी?"

"बहात्तरच्या दुष्काळात. मी तवा बेलिफ होतो. जप्तीतली विहीर होती. मीच चावी घेऊन सायकलवर जायचो. सात वाजता उघडायची, नऊला बंद. मुन्सफ साहेबांचा हुकूम होता तसा."

"कुठंय तो हुकूम?"

"रजिस्टरात नोंद आसंल. रजिस्टर उस्मानाबादला गेलं होतं, जिल्हा झाला तसं पोत्यात भरून परत आलंय. पोती अजून सोडली न्हाईत."

न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीनंतर."

रेकॉर्डच्या खोलीत सोळा पोती होती. मुळेसाहेब सुतळ्या कापत होते आणि मी लाल फडक्यात बांधलेले कागदांचे बस्ते सोडत होते. गयाबाईंना आत यायला परवानगी नव्हती. त्या दारात बसून विचारत होत्या.

"घावलं का?"

"न्हाई अजून."

"चांगलं झटकून बघा. विंचू आसतेत."

जप्तीच्या बस्त्यांत नोंद नव्हती. विहिरीच्या बस्त्यांत नव्हती. मुळेसाहेब थकून पोत्यावर बसले आणि म्हणाले, "मी लिहिणारा आसतो तर कुठं लिहिलं आसतं?" मग स्वतःच म्हणाले, "किरकोळ."

'किरकोळ' लिहिलेलं रजिस्टर नवव्या पोत्यात होतं. एक मोडलेली खुर्ची, हरवलेली घंटा, आणि त्याखाली चार ओळी. पिण्यासाठी, दोर-पोहऱ्यानं, दर घरास दोन घागरी, बेलिफाच्या देखत. ज्या पाण्यावर एक गाव जगलं ते किरकोळमध्ये नोंदलेलं होतं.

दुपारी समोरच्या वकिलांनी रीतसर हरकत घेतली. "हा हायकोर्टाचा निकाल नाही. शिवाय तो उस्मानाबाद जिल्ह्यातला आहे. आणि पायंडा पडेल. आज पाणी दिलं, उद्या हे वाट मागतील." पायंडा म्हणजे एकदा केलं म्हणून पुढेही करावं लागणं. त्यांची भीती खोटी नव्हती. धाकटा भाऊ मागे उभा होता, तोही काळजीत दिसत होता.

न्यायाधीश म्हणाले, "नोंद माझ्यावर बंधनकारक नाही, हे खरं. पण पाणी दिल्यानं आभाळ कोसळलं नाही, एवढं तिच्यावरून दिसतं. जिल्ह्याचं म्हणाल तर तेव्हा लातूर उस्मानाबादेतच होतं. जिल्हा बदलला, विहिरी जागच्या हललेल्या नाहीत." मग वकीलसाहेबांकडे वळले. "अटी लिहून द्या. हक्क निर्माण होणार नाही असं स्पष्ट घाला."

वकीलसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही. नमुना नाही याला."

मी पाच अटी लिहिल्या. चार मी स्वतः लिहिल्या. त्यातली एक अशी होती, की पाणी घेतल्यानं कोणाचाही विहिरीवर किंवा वाटेवर हक्क होणार नाही. ती वाचून धाकट्या भावानं मान हलवली. पाचवी, दर घरास दोन घागरी, मी रजिस्टरातून जशीच्या तशी उतरवली. जुनी होती, कोर्टाची होती, चुकीची कशी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेलिफ चावी घेऊन गेले. वकीलसाहेबांनी मलाही पाठवलं. कुलूप निघालं, पोहरा खाली गेला, आणि पाण्याचा आवाज आला तसं रांगेतलं बोलणं थांबलं. धाकट्या भावाची बायको घागर घेऊन रांगेत उभी होती. गयाबाई तिला म्हणाल्या, "ये, पुढं सरक. लेकरू काखेत हाय तुझ्या."

मग गयाबाईंनी मला बाजूला घेतलं.

"बाई, माझ्या थोरल्याची चूल वेगळी हाय. आमचं घर एक का दोन?"

मी बेलिफांकडे पाहिलं. बेलिफांनी माझ्याकडे पाहिलं. "मसुदा तुमचा हाय," ते म्हणाले.

रजिस्टरात याचं उत्तर नव्हतं. पुस्तकात असतं का, ते मला माहीत नव्हतं. गयाबाईंची सून पोटुशी होती आणि घागर घेऊन उभी होती. मी म्हणाले, "चूल वेगळी तर घर वेगळं."

"हाव," गयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते मागे रांगेत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बेलिफांचा अहवाल आला. वकीलसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला. "वस्तीत काल घरे एकोणीस. आज पाहणी केली असता चुली एकतीस. पैकी बारा चुलींत राख आढळली नाही."

साहेब बराच वेळ हसले. मग त्यांनी नवा अर्ज लिहायला सांगितला. 'दर घरास' ऐवजी 'माणशी एक घागर'. न्यायाधीशांनी तो दोन मिनिटांत मंजूर केला. चार घरांची बोचकी सुटली, वस्ती जागेवर राहिली.

तेव्हापासून मी दाखले शोधते, वापरते, त्यांच्याशिवाय आमचं काम चालत नाही. फक्त प्रत्येक जुन्या ओळीपाशी थांबून एक प्रश्न विचारते, की हिला आज रांगेत उभं केलं तर चुली किती होतील.