डेन्मार्क बाईंची दुरुस्ती

डेन्मार्क बाई वर्गातला दिवा लावू देत नसत. कामशेतच्या आमच्या शाळेत श्रावणातल्या दुपारी फळ्यावरची अक्षरंसुद्धा नीट दिसायची नाहीत, पण चित्रकलेच्या तासाला कुणाचा हात बटणाकडे गेला की बाई म्हणत, "आहे तेवढ्या उजेडात बघा. पुरतो तेवढा." वीज वाचवल्याबद्दल मुख्याध्यापकांनी एकदा शिक्षकांच्या सभेत त्यांचं कौतुक केलं. बाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

बाई डेन्मार्कच्या नव्हत्या. मळवलीला स्टेशनजवळ दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि रोज लोकलने एक स्टेशन पुढे, कामशेतला यायच्या. नाव पडलं ते पुस्तकामुळे. लोणावळ्यातला एक जुना बंगला रिकामा होत असताना तिथल्या रद्दीत त्यांना एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन इकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांची चित्रं त्यात होती. मजकूर तिकडच्याच भाषेत होता, त्यामुळे तो आम्हालाही कळत नव्हता आणि बाईंनाही नाही. नॉर्वे वेगळा देश आहे हे त्या दरवर्षी बजावून सांगायच्या. आम्ही दरवर्षी सगळ्यालाच डेन्मार्क म्हणायचो.

बाकीच्या शाळांत चित्रकलेच्या तासाला सूर्योदय, नारळाचं झाड आणि होडी निघायची. आमच्याकडे टेबल, खिडकी आणि पाठमोरी बाई. बाईंचं म्हणणं असं, की त्या चित्रकारांना राजेमहाराजे आणि लढाया काढायचा कंटाळा आला होता, म्हणून त्यांनी घरात बघायला सुरुवात केली. "ते लोक थंडीचे सहा महिने घरात बसायचे. त्यामुळे त्यांना घर दिसलं. तुम्ही पावसाचे चार महिने बसता. तुम्हाला काय दिसतं?"

लोहगडवाडीचा दत्तू म्हणाला, "बाई, गळतंय ते दिसतं."

"मग ते काढ," बाई म्हणाल्या. दत्तूने पत्र्याचं भोक, त्याखालची बादली आणि बादलीकडे बघत बसलेला बोकड काढला. ते चित्र पुढे वर्षभर वर्गात टांगलेलं होतं आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी ते कशाचं आहे हे तीनदा विचारलं होतं.

त्या पुस्तकावरून बाईंनी एक रंग तयार केला होता. पांढऱ्यात काळ्याचा एक ठिपका, वर चिमूटभर पिवळी माती. जरासा मळकट, उबदार राखाडी. त्याला त्या 'खोलीचा राखाडी' म्हणत. त्या चित्रांतल्या सगळ्या भिंती, तळी, धुक्यातले डोंगर ह्याच रंगाचे होते, म्हणून आमचेही होते. कुणी त्यात निळा घातला की बाई ब्रश काढून घ्यायच्या. "निळा कुठे दिसला तुला? पुस्तक बघ." शासकीय चित्रकला परीक्षेत आमच्या शाळेची मुलं उत्तरपत्रिकेवरचा नंबर न बघताही ओळखू येत, असं म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

दहावीनंतर मी छपाईचा कोर्स केला आणि तळेगावच्या एका छापखान्यात रंग तपासायच्या कामाला लागलो. दिवसभर भिंगातून कागद बघायचा आणि कुठली शाई कमी, कुठली जास्त, ते सांगायचं. पाचएक वर्षांनी बाईंनी ते पुस्तक मला बांधणीसाठी दिलं, कारण त्याची पाठ सुटली होती. सवयीने मी पहिल्याच चित्रावर भिंग ठेवलं. निळी शाई फार कमी पडली होती. मी सगळी पानं बघितली. सगळ्या पुस्तकात तेच. त्यात कागद पिवळा पडलेला. म्हणजे त्या चित्रांत निळा होता, भरपूर होता, फक्त तो आमच्या कामशेतपर्यंत पोचला नव्हता.

मी पुस्तक नीट बांधलं, वर कापडाचं आवरण घातलं आणि बाईंना नेऊन दिलं. निळ्याबद्दल काही बोललो नाही. बाईंनी चहा केला.

फोनवर बघितलं असतं तर त्यांना तेव्हाच कळलं असतं, पण फोनवरची चित्रं त्यांना मान्य नव्हती. "प्रत्येकाच्या फोनात वेगळी भिंत दिसते. मी कुणाची खरी मानू?" त्या निवृत्त झाल्या तरी पुस्तकच खरं राहिलं. मग त्यांच्या भाच्याला नोकरी लागली ती नेमकी कोपनहेगनला. त्याने मावशीला बोलावलं. बाई मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घेऊन महिन्याभरासाठी गेल्या.

परत आल्यावर त्या घरी सामान टाकून थेट छापखान्यात आल्या. मी मशीनजवळ होतो. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यांचं सगळ्यात आवडतं चित्र उघडलं. स्वयंपाकघर, डावीकडे खिडकी, पाठमोरी बाई शेंगा सोलतेय.

"हे मी कोपनहेगनच्या संग्रहालयात बघितलं," त्या म्हणाल्या. "लहान आहे. आपल्या हजेरीपटाएवढं. तीन तास उभी होते. तिथल्या रखवालदाराने स्टूल आणून दिलं, पण बसून दिसेना."

"कसं आहे?"

"ही भिंत निळसर आहे, दिलीप. खिडकीपाशी तर जवळजवळ जांभळी." मग त्यांनी विचारलं, "छपाईत असं होतं का?"

"होतं."

"तू हे पुस्तक बांधलं होतंस. तुला दिसलं नाही?"

खोटं ठरवून ठेवायला माझ्याकडे बरीच वर्षं होती, पण मी ते ठरवलं नव्हतं. "दिसलं होतं," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाटलं असतं. एक दिवस वाटलं असतं. त्यानंतरच्या सगळ्या वर्गांना मी नीट शिकवलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही. शाळेतही कधी चढायचा नाही. त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं. "रविवारी सुट्टी आहे ना? गाडी काढ. मला पोरांना सांगायचंय."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतायत. पण रविवारी सकाळी मळवलीला गेलो तर बाई रेनकोट घालून, रंगाची पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. हातात नावांची यादी होती. आठवून आठवून लिहिलेली.

पहिल्यांदा लोहगडवाडी. दत्तूचं तिथे ट्रेकला येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे. पावसामुळे गर्दी होती. बाईंना बघून त्याने हात पुसले आणि पाया पडला. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, की मी तुम्हाला राखाडी चुकीचा शिकवला, त्यात निळा हवा होता.

दत्तूने नीट ऐकून घेतलं. "मंग आता काय करायचं, बाई?"

"काही करायचं नाही. तुला माहीत असावं."

"बरं झालं सांगितलं," दत्तू म्हणाला. "पर मला त्यो रंग काय ध्यानात न्हाई. बोकड ध्यानात हाय. तुमी म्हनला व्हता, बोकडाचे कान लय चांगले आलेत." मग त्याने आम्हाला बळंच जेवायला बसवलं.

बेगडेवाडीच्या सुरेखाचं प्रकरण अवघड गेलं. ती इमारती रंगवायची कंत्राटं घेते. तिने सांगितलं, "बाई, माझ्या नव्या घराच्या हॉलला मी तोच रंग दिलाय. दुकानदाराकडे मिळत नव्हता, मी हाताने कालवला." आणि आत नेऊन दाखवला. चारही भिंती खोलीचा राखाडी. बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. सुरेखाला वाटलं, आनंदाने. मला काय ते माहीत होतं. बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "हिला नाही सांगवलं." वर्षानुवर्षं मला जे झालं होतं ते त्यांना पाच मिनिटांत झालं. मात्र माझ्यासारखं त्यांनी ते तसंच ठेवलं नाही. फाटकापासून परत आत गेल्या आणि सांगून आल्या. सुरेखा म्हणाली, "असू दे, बाई. पोरांना आवडतो."

असे चार-पाच रविवार गेले. शेवटचं नाव आमच्या गावचं, वडिवळ्याचं होतं, आणि ते माझ्या आईचं होतं.

त्याचं कारण असं. मी दहावीला असताना मला पुढे शिकवायचं की भाताला लावायचं ह्यावर घरात वाद चालला होता. बाई वडिलांशी बोलायला आल्या. वडील बांधावर गेले होते. आई दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. बाई म्हणाल्या, "वहिनी, हलू नका." आणि थांबल्या त्या थांबल्याच. चार दिवस शाळा सुटल्यावर येऊन त्यांनी आईचं चित्र काढलं. त्या चार दिवसांत वडिलांनाही बाईंचं ऐकून घ्यावं लागलं, आणि माझा कोर्स ठरला. चित्र बघून आईने विचारलं होतं, "तोंड न्हाई दिसत. मंग मीच हाय कशावरनं?" पण ते तिने स्वयंपाकघरात लावलं आणि दर दिवाळीला पुसत राहिली.

बाईंनी पेटी उघडली. "वहिनी, ह्यातली भिंत चुकलीय. मी पुस्तकातला रंग लावला. जरा दुरुस्त करते."

आईने चित्र खिळ्यावरून काढलं, पण बाईंच्या हातात दिलं नाही. ती जुन्या चुलीपाशी गेली. पुढचं घर आम्ही नवं बांधलंय, पण ती भिंत अजून मातीचीच आहे. तिने चित्र भिंतीला लावून धरलं.

"बगा," ती म्हणाली. "कुटं चुकलंय?"

बाहेर पाऊस लागला होता. बाईंनी बघितलं. मीही बघितलं, धंद्याच्या सवयीने. चित्रातली भिंत कुठे संपते आणि घरातली कुठे सुरू होते ते शोधावं लागत होतं.

"ह्यात निळा नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"कुटनं यायचा? हितं धूर हाय."

 बाईंनी पेटी बंद केली. परत येताना कामशेत लागलं. तिथे चहाला थांबलो तेव्हा बाई म्हणाल्या, "त्या चार दिवसांत मी पुस्तक उघडलंच नव्हतं." आणि बशीतला चहा पूर्ण प्यायल्या. एरवी अर्धा टाकायच्या.

पुढच्या वर्षी त्या आजारी पडल्या. भाचा येऊन राहिला. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. शेवटचा गेलो तेव्हा त्यांना उठवत नव्हतं आणि पलंग खिडकीपासून लांब होता.

"बाहेर डोंगर कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"हिरवा," मी खुर्चीतून सांगितलं.

"उठ. बघून सांग."

मी खिडकीपाशी गेलो. चैत्र संपत आला होता आणि समोरचा विसापूरचा डोंगर मुळीच हिरवा नव्हता. "खाली भाजलेल्या विटेसारखा," मी म्हणालो. "मधे झाडीचा पट्टा, तो काळपट. वर गवत वाळलंय, ते जवळजवळ पांढरं. कड्याखाली सावली आहे, तिच्यात निळा आहे."

"किती?"

मी पुन्हा बघितलं. "थोडाच."

बाईंनी डोळे मिटले होते. "हं," त्या म्हणाल्या. "आता नीघ. लोकल चुकेल."

आठ दिवसांनी त्या गेल्या. त्यांना पोचवून परतताना मात्र माझी लोकल चुकलीच. पुढची यायला वेळ होता. मळवलीच्या फलाटावरून समोर तो डोंगर दिसतो, म्हणून बघत उभा राहिलो. गाडी येईपर्यंत त्याचा रंग दोनदा बदलला.