फळ्याला आचारी कळत नाही

आधीच सांगते, मला मशीनचा राग नाही. लोकांना तसं वाटतं, आणि त्यांना समजवायला गेले की माझा आवाज चढतो, मग त्यांची खात्रीच पटते. माझे वडील एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आचारी आहेत. तिथे कणीक मळायचं मशीन आलं त्या दिवशी बाबा असे खूश होते, जसा काही घरात जावई आला. मीही खूश झाले. त्यांचे खांदे सुटले बिचाऱ्यांचे. पण ते मशीन कणीक मळतं आणि गप्प बसतं. कणकेला सांगत नाही की तू तांदूळ आहेस. आमच्या सरावाच्या वर्गातला फळा सांगतो.

मी शिक्षिका होणार आहे. म्हणजे, व्हायचंय. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून पायांचं वाटोळं करून घेतलं, आणि मग उशिरा का होईना शिक्षक होण्याच्या कॉलेजात नाव घातलं. तिथल्या पोरी मला 'ताई' म्हणतात, म्हणजे गोड बोलून वय काढतात. घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबा मला 'फोडणी' म्हणतात. का, ते कळलंच असेल तुम्हाला एव्हाना.

आमच्या कॉलेजात शिकवण्यापेक्षा जोडण्या जास्त शिकवतात. ही वायर इथे, ती पिन तिथे, पासवर्ड टाका, थांबा, गोल गोल फिरतंय. सराव पाठ घ्यायला आम्ही शेजारच्या शाळेत जातो. त्या वर्गात काळा फळा होता. त्याच्यावरच स्क्रू मारून हा नवा, चकचकीत फळा बसवलाय. जुन्याची लाकडी चौकट अजून कडेनं डोकावते. खडू आणायला बंदी, का तर भुकटी मशीनच्या पोटात जाते. मुलांच्या पोटात इतकी वर्षं गेली तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही.

या फळ्यावर पेननं काहीही लिहा, तो लगेच त्याचं छापील अक्षर करून टाकतो. "आता तुमचं अक्षर वाईट असलं तरी काळजी नाही," तंत्रज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या.

"आणि चांगलं असलं तर?" मी विचारलं.

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या.

मागच्या परीक्षा-पाठात हा फळा ऐन वेळी बंद पडला. काळा ठिक्कर. मी म्हटलं, मर मेल्या, आणि तोंडानं, हातवाऱ्यांनी, बाकावरच्या पट्ट्या-पेन्सिली मांडून पाठ पूर्ण केला. मुलं रंगली होती. पण 'साधनाचा वापर' या रकान्यात मला भोपळा मिळाला आणि मी नापास झाले. फळा बंद पडला, नापास मी! आमच्या वर्गातला एक पोरगा आहे, त्याला आम्ही 'अपडेट' म्हणतो. तो म्हणतो कसा, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हटलं, बाबा रे, इथे अंगणच पळून गेलं होतं.

निकालाआधी आता एकच पाठ उरला होता. घराजवळच्या शाळेत जागा निघाली होती. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी सांगून ठेवलं होतं, "निकाल घेऊन ये, जागा तुझी. पण शाळा सुरू व्हायच्या आत. वर्ग वाऱ्यावर सोडता येत नाही मला." म्हणजे या एका पाठावर सगळं अडकलं होतं. आणि मी, शहाणी, विषय कुठला निवडावा? दोन प्रकारचे र.

तुम्हीही विसरला असाल, म्हणून सांगते. 'आचार्य' म्हणजे मोठे गुरू. त्यांना जेवायला बोलवायचं तर 'आचार्यांना' असं लिहितात, र डोक्यावर चढून बसतो. आणि स्वयंपाक करणारा तो आचारी. त्याला बोलवायचं तर 'आचाऱ्यांना'. इथे र डोक्यावर जात नाही, य-च्या अलीकडे, भुवईसारखा आडवा पडतो. बोलताना एकावर जोर, दुसऱ्यावरून अलगद. एवढाच फरक. पण चुकलात तर पंगतीत भलताच माणूस.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी लॅपटॉपवर पाठ तयार केला. बाबा डोकावले. त्यांना असल्या गोष्टींची भारी हौस. फोन नवा आला की दुकानदाराच्या आधी त्यांना त्याची बटणं कळतात.

'आचाऱ्यांना जेवायला बोलवा,' त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कोण बोलावतंय आचाऱ्यांना? ते सगळ्यांचं झाल्यावर उभ्यानं खातात."

"उदाहरण आहे हो बाबा."

मग त्यांनी पुढच्या पानावरची ओळ वाचली. 'मी आचाऱ्यांची मुलगी आहे.' चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"हे पोरांना दाखवणार तू?"

"हो. का?"

"काही नाही," म्हणाले. "अक्षर मोठं कर जरा. मागच्या बाकावरून दिसायला पाहिजे."

पाठाच्या दिवशी मी लवकर गेले, जोडणी केली, हात जोडले. फळा लागला. मुलं बसली. मागच्या खुर्चीत मॅडम टॅब घेऊन बसल्या, गुण त्यातच भरायचे असतात. मी पहिलं पान उघडलं आणि म्हटलं, "या दोन वाक्यांत काय फरक आहे, सांगा बरं."

खिडकीजवळची एक मुलगी उठली. "बाई, काहीच फरक नाही."

मी वळून पाहिलं. आचार्यांना जेवायला बोलवा. आचार्यांना जेवायला बोलवा. वर-खाली जुळी वाक्यं! माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर होतं, पण या दीडशहाण्या फळ्याकडे ती भुवईच नव्हती. दिसला र की चढव डोक्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चेहऱ्यावर हसू. परीक्षा ना!

पेन घेतलं, स्वतः लिहिलं, आचाऱ्यांना. फळ्यानं क्षणभर विचार केला आणि छापलं, आचार्यांना. परत लिहिलं. परत तेच. त्याला बोलूनही लिहिता येतं, म्हणून मी माइकचं बटण दाबून स्पष्ट म्हटलं, "आचाऱ्यांना." फळ्यानं लिहिलं, आचरटांना.

वर्ग जो फुटला! "बाई, मी बोलू? बाई, मी!" एकेक जण पुढे येऊन फळ्याला 'आचाऱ्यांना' म्हणायला लागला. कुणी हळू, कुणी ओरडून. आचार्यांना, आचरटांना, एकदा तर चक्क 'अचारांना'. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मॅडमचा टॅब त्यांना बाहेर फेकून मोकळा झाला. पासवर्ड चुकला म्हणे. त्या फोन कानाला लावून व्हरांड्यात गेल्या.

त्या गेल्या तशी मी पुढचं पान उघडलं. 'मी आचार्यांची मुलगी आहे.'

खिडकीजवळची ती मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "बाई, तुमचे बाबा आचार्य आहेत?"

आता खरं सांगू? तोवर मला नुसता वैताग आला होता. या प्रश्नानं लख्ख दिसलं. पहाटे उठून मोठाली पातेली चढवणारा माझा बाप त्या चकचकीत पाटीवरून साफ गायब झाला होता, आणि त्याच्या जागी कुणी भलताच गृहस्थ येऊन बसला होता.

"नाही," मी म्हटलं. "माझे बाबा आचारी आहेत. हॉस्पिटलात सगळ्यांसाठी स्वयंपाक करतात. या फळ्याला लिहिता येत नाही ते. तुम्हाला येईल. चला, उठा."

खिडकीच्या काचांवर भरपूर धूळ होती. मी बोटानं लिहिलं, आचाऱ्यांची. ती भुवई चांगली ठसठशीत काढली. मुलं काचांना भिडली. दर्या आणि दऱ्या. पोहऱ्यात, वाऱ्यावर, साऱ्यांना. कुणी म्हणालं, "बाई, 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' यात पण हाच र!" मी म्हटलं, शाब्बास, आणि ही म्हण त्या फळ्याला ऐकवा एकदा. तो तास माझ्या आयुष्यातला चांगला तास होता, आणि त्यातलं काही म्हणता काही त्या मशीनमध्ये नोंदलं गेलं नाही.

मॅडम आत आल्या तेव्हा तास संपत होता. मुलं उड्या मारत होती, फळा लखलखत होता. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि टॅबवर बोट फिरवायला लागल्या.

संध्याकाळी फोनवर निकाल आला. पास! साधनाचा वापर: उत्कृष्ट. मी खुर्चीतच उडाले. मग खालचा शेरा वाचला. 'वर्ग पूर्ण सहभागी. आचार्यांची मुलगी असल्याने अध्यापनाचे संस्कार घरातूनच लाभलेले दिसतात.'

मी शेरा पुन्हा वाचला. बाबा मागे उभेच होते. त्यांनी फोन घेतला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि हसले. "घे! मशीननं मला आचार्य केलं. उद्यापासून खुर्चीत बसून जेवणार मी. वाढा म्हणावं."

"बाबा, हे चूक आहे."

"असू दे गं. पास झालीस ना? बास." ते कांदे चिरायला वळले. आमच्याकडे कँटीनवरून येऊनही तेच कांदे चिरतात, माझं चिरणं त्यांना पसंत नाही. सुरी खटखट चालली. मग मान वर न करता म्हणाले, "आचार्यांची मुलगी झाली पास. आता आचाऱ्याची कधी होते बघू." आणि आपल्याच विनोदावर हसले.

मला नाही आलं हसू.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, शेऱ्यात एक शब्द चुकलाय. माझे वडील आचारी आहेत."

"अय्या, हो? फळ्यावर तर..." त्या जरा ओशाळल्या. टॅब उघडला, इकडे तिकडे दाबून पाहिलं. "अगं, हे नुसता शेरा बदलू देत नाही. सगळी नोंदच पुसावी लागेल, मग पाठ परत. आणि आता पुढची फेरी म्हणजे शाळा सुरू झाल्यावर."

"आणि ती जागा?"

"जाईल ना ती. एका शब्दासाठी कुठे डोक्यात राख घालून घेतेस? कोण वाचणारे हे? चांगले गुण दिलेत मी तुला."

"कशाचे गुण, मॅडम? तुम्ही तर वर्गात नव्हता."

मला त्यांचीही कीव आली. त्या बिचाऱ्या तरी काय करणार, आमच्याकडे बघायच्या वेळी त्यांना पासवर्ड शोधायला लागतो.

पण माझं डोकं फिरलं होतं ते फिरलंच. मी उद्या त्या नव्या शाळेत जाणार, मुलांना सांगणार की एवढ्याशा भुवईनं माणूस बदलतो, नीट लिहा. आणि माझ्या निकालावर? तिथे बाप बदलला तरी चालतंय? अपडेट दारात उभा राहून ऐकत होता. तो खुणेनं सांगत होता, ताई, गप बस, गप बस. खरं तर बाबांनीही तेच सांगितलं असतं. मला ती जागा हवी होती हो, फार हवी होती.

"पुसा," मी म्हटलं.

"मी नाही बाई पुसणार," मॅडम म्हणाल्या आणि टॅब माझ्यापुढे सरकवला. "तूच काय ते कर."

मी 'पुसा' दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. 'तुम्हाला खात्री आहे का?'

दोन वर्षं त्या मशीननं मला काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. माझं अक्षर बदललं, शब्द बदलला, बाप बदलला, एकदाही विचारलं नाही. आज विचारलं.

मी 'होय' दाबलं, आणि कँटीनच्या मागच्या दारानं आत जाऊन बाबांना सांगितलं की मी नापास झाले.