नगररचनेची जीभ

पंचाहत्तर सालच्या आसपास मी सांगलीत ज्या कचेरीत कारकून होतो, तिथं शहराचा विकास आराखडा रंगवणारा एक आरेखक होता. ब्रशला टोक आणायला तो ब्रश सरळ जिभेवर फिरवायचा. आज शहरात कशाची भर पडली, ते त्याच्या जिभेवर कळायचं. पिवळी असली तर घरं, निळी असली तर दुकानं, हिरवी असली तर मोकळी मैदानं. तोंड दिवसभर चालूच. "लय मोठं शहर करतुया गड्या, कागूदच पुरंना!"

साहेबांच्या मेहुण्याला बाजाराच्या मैदानावर थिएटर बांधायचं होतं. साहेब आरेखकाला म्हणाले, "ते मैदान निळं करा." तिथं बसणाऱ्या भाजीवाल्या बाया ह्याला रोज मेथीची जुडी फुकट द्यायच्या, एवढं मला ठाऊक होतं.

आराखडा पुण्याला धाडायच्या शेवटच्या दिवशी बघतो तर मैदान हिरवंगार! साहेब कडाडले, "निळं का नाही केलं?"

ह्या बडबड्यानं पहिल्यांदाच तोंड घट्ट मिटून घेतलं आणि निळ्या रंगाची वाटी उपडी करून दाखवली. वाटी लख्ख होती. पुण्याहून रंग मागवायला वेळ नव्हता. आराखडा तसाच गेला.

साहेब पाय आपटत गेल्यावर मी विचारलं, "मेथीपायी केलंस व्हय रं?"

तो तोंड उघडून हसला. जीभ निळीशार होती. मेहुण्याचं अख्खं थिएटर गड्यानं चाटून टाकलं होतं.