टॉवरवाला

"टावर लावता का?" असं विचारल्यावर मी मान हलवली. तोंडाने हो म्हटलं नाही, ही पळवाट बरेच दिवस मनाशी धरून होतो. आता धरत नाही. मान हलली म्हणजे हो.

मी तळोद्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. पन्नाशीजवळ आल्यावर हौशी रेडिओचा नाद लागला. परीक्षा देऊन लायसन्स मिळवलं, पण गच्चीवर नुसती खरखर ऐकू यायची. डोंगरावर जा, तिथून आवाज लांब जातो, असं कोणीतरी सुचवलं. म्हणून उन्हाळ्यात जीपने मोलगीला आणि तिथून पायी एका माथ्यावर गेलो. मासे धरायच्या गळाचा लांब दांडा उभा केला, त्यावर तार चढवली, सेटला बॅटरी जोडली.

माथ्यावर आधीच माणसं होती. खालच्या पाड्यात मोबाइलला रेंज नाही. फोन करायचा तर डोंगर चढून एका ठरावीक दगडावर उभं राहायचं. शेजारीच भगरीचं शेत. शेतवाल्या बाबांनी बाजारात शिकलेल्या मराठीत विचारलं, "टावर लावता का, साहेब?"

हा छंद आहे हे समजावत बसणं मला नको होतं. कोणी दांडा उतरवायला लावेल ही भीतीही होती. शिवाय कॉलेजात मला कोणी साहेब म्हणत नाही. मान हलवली.

बाबांनी स्वतः माझी तार झाडाला ताणून बांधली. त्यांची सून पाड्यावरची आशाताई, दवाखान्याची कामं बघणारी. ती फोन करून खाली निघाली होती, तीही थांबली. मी माइकवर "सीक्यू, सीक्यू" करत होतो.

"कोणाला बोलावता?" तिने विचारलं.

"जो ऐकेल त्याला."

"आम्ही गावाचं नाव सांगून ॲम्ब्युलन्स बोलावतो, तरी येत नाही. तुम्हाला कोण येणार!"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात केरळातून उत्तर आलं, अगदी स्वच्छ. माझा पहिला लांबचा संपर्क! मी आनंदाने ओरडलोच. बाबांना वाटलं, वरच्या साहेबांनी जागा पास केली. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

श्रावणात पुन्हा गेलो. आजूबाजूला भगर हिरवीगार, आणि माथ्यावरचा सपाट तुकडा ओसाड. त्यात गवत माजलेलं.

"टावरला जागा सोडली," बाबा म्हणाले.

आशाताई घामाघूम होऊन वर आली. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. फोन लावता लावता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लवकर करा भाऊ. हा चढ सुटला पाहिजे."

मी सेट पिशवीतून काढलासुद्धा नाही. परत फिरलो.

उतरताना रागाने नुसता पेटलो होतो. माझ्या एवढ्याशा सेटवरून केरळ बोलतं आणि याच माथ्यावर बाळंतिणीसाठी दगडावर चढून हात उंच करावा लागतो! दर निवडणुकीला कोणीतरी येतो, याच माथ्याकडे बोट दाखवतो आणि जातो. शिव्या देत देत मोलगीपर्यंत आलो, आणि जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की त्या बोट दाखवणाऱ्यांच्या रांगेत शेवटचा उभा मीच आहे. ते निदान पुन्हा तोंड दाखवत नाहीत. मी दाखवलं, आणि त्यांची आशा पक्की केली.

तळोद्यात ज्या मारवाडी मित्राच्या दुकानातून बॅटरी घेतली होती, त्याला हे सांगितलं. तो हसला. "काय टेन्शन ली ऱ्हायना भाऊ! इसरी जातीन त्या."

विसरतील! ज्यांनी पेरणी सोडली ते विसरतील? मी त्याच्यावर एवढा भडकलो की गिऱ्हाईकं वळून बघू लागली. पण मीही तेवढ्याच भरवशावर गप्प बसलो होतो.

पुढच्या रविवारी रेडिओ न घेता गेलो. बाबा अंगणात होते, आशाताई दारात. "टॉवरचं विचारलंत तेव्हा मी मान हलवली, ती खोटी," एवढं म्हणताच बाबांनी हात वर केला.

"इथं नाही. वरती मान हलवली ना? वरती चला. सगळ्यांसमोर सांगा."

आम्ही तिघं चढलो. दगडाभोवती माणसं फोन धरून उभी होती. बाबांनी त्यांना फोन खाली घ्यायला सांगितलं.

"मी टॉवरचा माणूस नाही," मी म्हणालो. "कधीच नव्हतो. माझ्या हौसेसाठी आलो होतो. तुम्ही काय समजलात ते मला कळत होतं, तरी मी मान हलवली. बाबांचं शेत माझ्यामुळे पडून राहिलं. ताई, तुम्हाला मी खोटी वाट बघायला लावली. माझं चुकलं. मला माफ करा."