चेनकाकांची तयारी

आमच्या इमारतीतलं कोणी पहिल्यांदा परदेशी निघालं, की आधी तिकीट काढायचं की आधी चेनकाकांना गाठायचं, एवढाच काय तो वाद असायचा.

चेनकाका म्हणजे तळमजल्यावरचे बॅगदुरुस्तीवाले. अडकलेली चेन, निखळलेलं चाक, उसवलेला कोपरा, सगळं त्यांच्याकडे यायचं. दुकान इतकं अरुंद, की दुसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्याने बॅग डोक्यावर घेऊन त्याला जागा करून द्यायची. माझी खिडकी बरोबर त्यांच्या दुकानावर. माझे कान तिखट आणि दुपार मोकळी, त्याला मी काय करणार?

बॅग नीट व्हायला अर्धा तास लागायचा आणि त्या अर्ध्या तासात काका गिऱ्हाइकाला ते मोठं शहर समजावून सांगायचे. सगळ्यांना एकच शहर. कोणी दुसरीकडेच निघालेलं असलं तरी सल्ले तेच. मोज्यांना भोक नको, तपासणीत बूट काढायला लावतात आणि अंगठा बाहेर आला की अब्रू गेली. बॅगेला रंगीत चिंधी बांधा, पट्ट्यावरून सगळ्यांच्या काळ्याच बॅगा येतात. सरकत्या जिन्यावर एका कडेला उभे राहा, दुसरी कड घाईवाल्यांची. पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन मरतो, कागद मरत नाही. रस्ता विचारायचा झाला तर कुत्रं फिरवणाऱ्यालाच विचारा, कारण तो नक्की तिथलाच असतो आणि त्याला घाई नसते. आणि तिथे लोक ओळख नसतानाही हसतात. तुम्हीही हसा, पण लगेच घरचं सांगत बसू नका.

हा शेवटचा सल्ला ते माझ्या खिडकीकडे बघून द्यायचे.

गंमत अशी, की हा माणूस स्वतः विमानतळाच्या फाटकापर्यंतसुद्धा गेलेला नव्हता. मी वरून विचारायची, "काका, त्या शहरात तुमचा पुतळा कुठल्या चौकात उभारलाय?" ते मान वर न करता म्हणायचे, "दादाच्या घरासमोर. येताना बघून या."

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा काका दहा वर्षांचे होते आणि दादा एकवीसचा. वडिलांचं हे दुकान दादाने चालवलं, धाकट्याला शाळेत घातलं, वेणीफणी सोडून आईने करायचं ते सगळं केलं. धाकटा शिलाईत तयार झाला तसं दुकान त्याच्या हाती दिलं आणि स्वतः त्या शहरातल्या एका बॅगांच्या कारखान्यात गेला. तिथेच लग्न केलं, तिथेच मुलगी झाली, तिथेच बायको गेली. पण चाळीस वर्षं पत्रं येत राहिली. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'इथे आलास की' अशी सुरुवात करून एक सूचना असायची. काकांचे सल्ले म्हणजे या सूचना. पदरचं एक अक्षर नव्हतं.

दरवर्षी दादा लिहायचा, पुढच्या वर्षी ये. दरवर्षी काका म्हणायचे, सुट्ट्यांचा मोसम जाऊ दे, बॅगांचा ढीग पडलाय. काकू होत्या तोवर त्यांच्या गुडघ्यांचं निमित्त होतं, काकू गेल्यावर तेही राहिलं नाही. खरं कारण वेगळंच होतं, ते मला उशिरा कळलं. दादाने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं: येशील तेव्हा अडाण्यासारखा येऊ नकोस. नीट तयारी करून ये. इथे माणसं बघतात.

मग पत्रं थांबली आणि गेल्या वर्षी पुतणीचा फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतात, हात मोकळे राहावेत म्हणून, त्यामुळे तो मीही ऐकला. पुतणी चाचपडत, पण आपल्याच भाषेत बोलत होती. दादा आता वृद्धाश्रमात आहेत, विसरत चाललेत. तिथली भाषा पार पुसली गेली, आपली तेवढी उरली, आणि ती आश्रमात कोणालाच येत नाही. दिवस दिवस गप्प असतात.

"माझं नाव चुकतात," ती म्हणाली. "पण तुमचा फोटो दाखवला की अजून धाकट्या म्हणतात. काका, लवकर या."

काकांनी हातातली सुई अंगठ्यात रुतवून घेतली.

कागदपत्रं पुतणीने भरली. दीड महिन्यात पासपोर्टवर व्हिसाचा शिक्काही बसला. दुसरा कोणी असता तर दुसऱ्या दिवशी विमानात बसला असता. चेनकाका तयारीला लागले.

आधी बॅग. जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा शिवल्या, स्वतःची एकही नव्हती. विकतची घ्या म्हटलं तर ऐकेनात. म्हणाले, दादा माणूस बघायच्या आधी बॅग बघेल. ती उलटी करून आतली शिवण तपासेल. टाका वाकडा दिसला तर चाळीस वर्षांत काय शिकलास म्हणेल. त्यांनी बॅग शिवली, उसवली, पुन्हा शिवली. तळाचं कापड पसंत पडेना म्हणून पुन्हा उसवली. अशी तीन आठवडे ती बॅग दुकानात अर्धी उघडी पडलेली.

आणि मग मी त्यात नाक खुपसलं.

झालं असं, की काकांना धास्ती होती ती विमानतळावरच्या अधिकाऱ्याची. तो काय विचारेल, आपण काय बोलू, तिथून परत पाठवलं तर? मी म्हटलं, त्यात काय, तालीम करू. जिन्याच्या वळणावर टेबल मांडलं, आमच्या ह्यांची टोपी डोक्यावर चढवली आणि शिक्क्याच्या जागी कॅरमची सोंगटी घेऊन बसले. सगळी इमारत पायऱ्यांवर जमली. काका इस्त्रीचा शर्ट घालून, पासपोर्ट छातीशी धरून समोर उभे.

"कशाला आलात?"

"भावाला भेटायला."

"तो तुमचा भाऊ आहे याला पुरावा काय?"

काका गडबडले. खिसे चाचपले, पत्रं दुकानात आहेत म्हणाले, आणायला निघाले. पायऱ्यांवर हशा पिकला. मी सोंगटी आपटली आणि म्हटलं, "नापास. पंधरा दिवसांनी या."

पंधरा दिवसांनी ते खरंच आले. या वेळी पत्रांचा गठ्ठा होता. मी विचारलं, पत्रं तर कोणीही लिहील, भाऊ तुम्हाला ओळखेल कशावरून? पुन्हा त्यांची बोबडी वळली, पुन्हा नापास, पुन्हा पंधरा दिवस. येता-जाता त्यांचे ओठ हलताना दिसायचे, उत्तरं घोकत असायचे. मी ते बघून घरात हसत सुटायची. मला वाटायचं, तिकीट कधीच काढलेलं असेल, ही आपली मधल्या वेळेची करमणूक. आणि ते पास होईपर्यंत तिकीटच काढायचं नाही असं ठरवून बसले होते. आमच्यातल्या कोणीच एकमेकांना तारीख विचारली नाही.

तिसऱ्या वेळी मी कंटाळून पास केलं. पुढच्या मंगळवारी ते गेले.

एकही चूक केली नाही हो त्यांनी. मोजे कोरे, बॅगेला लाल चिंधी. अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारला, किती दिवस, आणि शिक्का मारून मोकळा झाला. सरकत्या जिन्यावर कडेला उभे राहिले. पुतणी न्यायला आली होती, तरी तिला थांबवून एका कुत्रेवाल्याला रस्ता विचारून घेतला, खात्री म्हणून. त्यानेही तोच रस्ता सांगितला. पुतणी म्हणे रस्त्यातच हसत होती. गाडी सुरू करायच्या आधी तिने सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत बाबा फोटोतल्याला धाकट्या म्हणत होते. आता फोटो दिला की उलटा करून ठेवतात. तिने ते दोष द्यायचा म्हणून सांगितलं नाही. तिच्या माहितीत ती तारीख होती, तिने दिली.

तीन आठवडे. मी जिन्यात बसून दिलेल्या पंधरा आणि पंधरा दिवसांतलेच ते.

आश्रमात दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. स्वच्छ दाढी केलेली, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. पुतणी म्हणाली, बाबा, बघा कोण आलंय. काकांनी बॅग त्याच्या पायाशी ठेवली आणि दादा म्हणून हाक मारली. दादाने वर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा, आपल्याकडचे दिसता," दादा म्हणाला. "नवीन आलात वाटतं. बसा ना."

दादाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अहोजाहो केलं. बॅगेकडे तर बघितलंही नाही.

काका म्हणाले, दादा, मी धाकटा. दादा आधी हसला, मग कावराबावरा झाला. धाकटा इथे कसा येईल? दहा वर्षांचा पोरगा, एकटा? कोणाबरोबर पाठवला त्याला? तो उठून कोट शोधायला लागला, मला स्टेशनवर जायला हवं, तो रडत असेल, म्हणू लागला. देखभाल करणाऱ्या दोन बायका धावत आल्या तेव्हा कुठे खाली बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हाक ऐकली की कोट. चौथ्या दिवसापासून काकांनी धाकटा व्हायचं सोडून दिलं. दारातून आत जायचं आणि सांगायचं, मी आपल्याकडचा, कालच आलोय.

मग दादा रोज त्यांना शहर समजावून द्यायचा. सरकता जिना, खिशातला कागद, कुत्रेवाला, सगळं. जे चाळीस वर्षं दुकानात बसून हा माणूस लोकांना ऐकवत आला, ते रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचा आणि मान डोलवायचा. आश्रमातल्या बायका पुतणीला म्हणाल्या, कितीतरी महिन्यांनी हे आजोबा बोलताहेत.

पण परक्याला सांगताना दादा पत्रात नव्हतं तेही सांगून गेला. संध्याकाळी पाचला खोलीवर जाऊ नका, म्हणाला. अंधार लवकर पडतो आणि भिंती अंगावर येतात. वाचनालयात बसा, तिथे ऊब असते आणि बंद होईपर्यंत कोणी उठवत नाही. वाचता नाही आलं तरी पुस्तक उघडं ठेवायचं. पहिलं वर्ष मी तसंच काढलं. घरी पत्र लिहायचं असेल तर आधी रडून घ्यायचं आणि मग लिहायचं. क्रम चुकला तर कागदावर दिसतं. माझा एक धाकटा भाऊ आहे, त्याला वाटतं मी मजेत आहे. खरं कळवलं असतं तर त्याने परत बोलावलं असतं.

काका म्हणाले, "बोलवू द्यायचं होतं."

"छे हो," दादा म्हणाला. "गेलो असतो ना मी."

हे सगळं काकांनी मला एका बैठकीत सांगितलेलं नाही. परत आल्यावर महिनाभर दुकान अर्धंच उघडायचे. मी खाली जाऊन उगाच एक धड बॅग तपासायला द्यायची, आणि सुईत दोरा ओवता ओवता ते एखादं वाक्य टाकायचे. मला वाटलं होतं की मला चार शब्द सुनावतील. शेवटी मीच म्हटलं, काका, मी तुम्हाला नापास करायला नको होतं. टोपी घालून बसले होते त्या दिवशी माझ्या जिभेला काही हाड उरलं नव्हतं. त्यांनी चेन एकदा वरखाली करून बघितली.

"तुम्ही गंमत करत होतात," म्हणाले. "खरं मानून बसलो तो मी."

मी माझी धड बॅग उचलली आणि वर आले.

दादा जाऊन आता दोन महिने झाले. पुतणीने कळवलं तेव्हा काकांनी दुकान बंद केलं आणि पायरीवर येऊन बसले. मी शेजारी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मला आश्रमातला शेवटचा दिवस सांगितला. तोवर तो राखून ठेवला होता.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. काकांनी ठरवलं होतं, जातो म्हणून सांगायचं नाही, नेहमीसारखं उठायचं. दादा त्या दिवशी खुशीत होता. सगळे सल्ले देऊन झाले, चहा झाला. काका उठले तसा तोही उठला आणि दारापर्यंत आला. काकांचा कोट खांद्यावर नीट बसला नव्हता, तो त्याने सरळ केला, गळ्यापर्यंत बटणं लावून दिली, एकेक करून, आणि या वेळी एकही चुकलं नाही. मग काळजीने विचारलं, या एवढ्या मोठ्या शहरात तुमचं कोणी आहे का?

"आहे," काका म्हणाले. "मोठा भाऊ आहे."

"मग झालं तर," दादा म्हणाला. "तो बघेल सगळं."