खंडेनवमीला बंद राहिलेली मशीन

मी तेव्हा जालन्यात एका बियाणे कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळत होतो. मंठा, बदनापूर, घनसावंगी, तिन्ही शाखांत एकेक सर्व्हर. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी लिहिलेली स्क्रिप्ट फोनच्या लाइनवरून एकेकाला गाठायची, फायली जालन्यात आणायची आणि दुसरी प्रत बदनापूरला ठेवायची. कुणाचा हात न लागता हे होतं, याचा मला भारी तोरा. 'सर्व्हर कधीही बंद करू नये' असा कागद मी सगळीकडे चिकटवला होता.

खंडेनवमीच्या दुपारी बदनापूरची मशीन लागेना. फोन केला तर तिथले वयस्कर कारकून म्हणाले, "साहेब, मशीन पूजेला बसवलीय. आज चालू करता येत न्हाई." मी त्यांना नको नको ते बोललो.

संध्याकाळी स्क्रिप्ट फिरून झाली आणि घनसावंगीच्या संशोधन अधिकाऱ्यांचा फोन आला. कपाशीच्या वाणांच्या त्यांच्या नऊ वर्षांच्या नोंदी तिथल्या सर्व्हरवर होत्या. महिनाभरात ते निवृत्त होणार होते.

"फायली दिसून न्हाई राह्यल्या," ते म्हणाले.

तिथल्या ऑपरेटरने पूजेआधी मशीन पुसली होती आणि दसऱ्याची सफाई म्हणून आतल्या जुन्या फायलीही काढून टाकल्या होत्या. माझा कागद पाळून मशीन मात्र चालू ठेवली होती.

जालन्याची प्रत उघडली, तर रिकामी. शाखेत जे नाही ते इथूनही पुसायचं, हे मीच स्क्रिप्टला शिकवलं होतं. पण त्या नोंदी आणल्याशिवाय परत तोंड दाखवायचं नाही, हे तिथेच ठरवलं.

दसऱ्याला पहिल्या एसटीने बदनापूर गाठलं; दुसरी प्रत तिथे होती आणि बंद मशीनपर्यंत स्क्रिप्ट पोचली नव्हती. झेंडूच्या हाराखाली मशीन बंदच होती. आधी फोनची वायर काढली, नाहीतर माझीच स्क्रिप्ट तिथलंही पुसती.

"आरती होऊ द्या, मंग उचलू," कारकून म्हणाले. मी मुकाट टाळ्या वाजवल्या. मशीन सुरू झाली. नऊही वर्षं जागच्या जागी होती.

नोंदी सीडीवर उतरवून तसाच घनसावंगीला गेलो. अधिकाऱ्यांनी पहिल्या वर्षापासून एकेक फाईल उघडून पाहिली आणि माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली.

स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता ती काहीच पुसत नाही, रोजची प्रत वेगळी ठेवते.

पुढच्या खंडेनवमीला मीच बदनापूरला फोन केला. "मशीन बसवली का पूजेला?"

"बसवली, साहेब. रागावता काय?"

"नाही. मागच्या वर्षीचं बोलणं माफ करा," मी म्हणालो.